शिडाच्या नौकेची मदार : साधनांची निवड आणि पारख

शिडाच्या नौकेला वारा पुढे नेतो, हे सर्वांस ठाऊक असते. परंतु शिडात भरलेला वारा नौकेपर्यंत पोहोचतो तो डोलकाठीच्या द्वारे, आणि डोलकाठी उभी राहते ती तिला पुढून, मागून व दोन्ही बाजूंनी ताणून धरणाऱ्या तारदोरांच्या आधारावर. हे तारदोर, त्यांच्या टोकांवरील टोपणे, ताण कमीजास्त करणारे टर्नबकल, जोडणीचे शॅकल, खिळी आणि नौकेच्या कडेला बसविलेल्या पोलादी पट्ट्या मिळून एक साखळी तयार होते. साखळीचे बळ तिच्या सर्वांत दुबळ्या कडीइतकेच असते. बोटभर लांबीची एक खीळ तुटली, तरी काही क्षणांत डोलकाठी कोसळू शकते आणि नौकेवरील माणसांचे प्राण संकटात येतात.

सागरी परंपरा आणि नवे साहस

कोकणच्या किनाऱ्यावर गलबते आणि मचवे शतकानुशतके शिडांवर चालत आले. आता मासेमारी व मालवाहतुकीत यंत्राने शिडाची जागा घेतली असली, तरी राष्ट्रीय छात्रसेनेच्या नौदल शाखेत आणि नौकानयनाच्या क्लबांमध्ये तरुण मुलेमुली शिडाची नौका हाकण्याचे शिक्षण घेत आहेत. गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या नौकेतून नौदलाचे अधिकारी दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. अभिलाष टॉमी यांनी त्याच नौकेतून २०१२-१३ मध्ये कोठेही न थांबता ती केली. २०१७-१८ मध्ये सहा महिला अधिकाऱ्यांनी ‘तारिणी’तून जगाला वळसा घातला.

समुद्र मात्र कोणाची गय करीत नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये जगप्रदक्षिणेच्या एका शर्यतीत असताना टॉमी यांची ‘थुरिया’ दक्षिण हिंदी महासागरात प्रचंड वादळात सापडली. तिची डोलकाठी मोडली, टॉमी यांच्या पाठीला गंभीर इजा झाली आणि तीन दिवसांनी त्यांची सुटका झाली. अशा वादळापुढे उत्तम साधनेही अपुरी पडू शकतात. म्हणूनच साध्या वाऱ्यात निकृष्ट साधनामुळे अपघात होऊ देणे अक्षम्य ठरते.

चकाकी म्हणजे गुणवत्ता नव्हे

या साधनांची खरेदी पुष्कळदा अशा व्यक्तीच्या हाती असते, की जिला नौका हाकण्याचा अनुभव नसतो. तिच्यापुढे दोन शॅकल ठेवले जातात. दोन्ही सारखेच चकाकतात, पण एकाची किंमत दुसऱ्याच्या निम्मी असते. येथे पहिला प्रश्न धातूचा आहे. सामान्यतः ३०४ व ३१६ या दोन प्रतींचे स्टेनलेस पोलाद वापरात असते. दोहोंत क्रोमियम व निकेल असतात. ३१६ मध्ये त्याशिवाय दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असल्यामुळे खाऱ्या पाण्यात ते अधिक टिकते. केवळ डोळ्यांनी हा भेद ओळखता येत नाही. लोहचुंबकाची कसोटीही येथे उपयोगी पडत नाही. दोन्ही प्रती मुळात अचुंबकीय असून थंड अवस्थेत वाकविल्या किंवा ओढल्या असता त्यांना किंचित चुंबकत्व येऊ शकते. यास्तव प्रत सिद्ध करणारे उत्पादकाचे प्रमाणपत्र मागणे हाच राजमार्ग होय.

दुसरा प्रश्न घडणीचा. ठोकून घडविलेल्या भागात धातूचे कण आकाराला अनुसरून वळतात व तो भाग चिवट होतो. ओतीव भागात पोकळ्या राहण्याचा धोका असतो. पृष्ठभागावर बारीक छिद्रे दिसणे, आटे उथळ किंवा खरबरीत असणे, खीळ छिद्रात सैल बसणे, एकाच खोक्यातील नगांच्या आकारात फरक आढळणे ही दुर्लक्षित उत्पादनाची लक्षणे होत. याउलट चांगल्या वस्तूवर उत्पादकाचे चिन्ह, आकार, सुरक्षित कार्यभार आणि तुकडीचा क्रमांक ठसठशीत उमटविलेला असतो. पुढे दोष आढळल्यास या क्रमांकावरून त्या तुकडीतील सर्व नग शोधून काढता येतात.

आकडा कशाचा ?

वस्तू ज्या भाराखाली तुटते तो भंगभार, आणि ज्या भारापर्यंत ती निर्धास्त वापरावी तो सुरक्षित कार्यभार. समजा, एका विक्रेत्याने ‘क्षमता दोन टन’ असे लिहिले आणि दुसऱ्याने ‘सुरक्षित कार्यभार एक टन, भंगभार पाच टन’ असे लिहिले. घाईत पाहणाऱ्यास पहिली वस्तू दुप्पट बळकट वाटेल. परंतु ते दोन टन भंगभाराचे असतील, तर पाचपटीच्या त्याच हिशेबाने तिचा सुरक्षित कार्यभार केवळ चारशे किलो भरतो. केवळ ‘क्षमता’ असे मोघम लिहिलेले दरपत्रक म्हणूनच स्वीकारू नये.

निविदेच्या तांत्रिक अटींत धातूची प्रत, घडणीचा प्रकार, दोन्ही भारांचे आकडे, तुकडीनिहाय प्रमाणपत्र आणि लागू असेल तेथे भारतीय मानक यांचा स्पष्ट उल्लेख असावा. माल आल्यावर काही नग निवडून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत ताण देऊन तपासण्याची तरतूदही अटींतच असावी. अटी मोघम असल्या, की सर्वांत कमी दराचा निकृष्ट मालही नियमानुसार स्वीकारावा लागतो.

खरेदीनंतरची दक्षता

स्टेनलेस पोलादही गंजते. त्याचे रक्षण करणारा सूक्ष्म थर टिकण्यास प्राणवायू लागतो. पट्टी गुंडाळलेल्या किंवा पाणी साचणाऱ्या फटीत तो मिळत नाही आणि धातू आतून पोखरला जातो. तारेच्या खालच्या टोकाला दाबून बसविलेल्या टोपणात खारे पाणी साचते, म्हणून तेथील केसासारख्या भेगा भिंगाने पाहाव्यात. शंका आल्यास भेगेत शिरणारा रंगीत द्रव लावून खात्री करावी. तारेवरून कापसाचा बोळा फिरविल्यास तुटलेल्या धाग्यात तो अडकतो. एक धागा जरी तुटलेला आढळला, तरी तो तारदोर बदलणे श्रेयस्कर. ॲल्युमिनियमच्या डोलकाठीवर स्टेनलेस स्क्रू बसविताना मध्ये निरोधक लेप द्यावा. अन्यथा खाऱ्या पाण्याच्या संगतीत ॲल्युमिनियम झिजू लागते. प्रत्येक भाग केव्हा घेतला, केव्हा तपासला आणि केव्हा बदलला, याची नोंदवही ठेवणे अगत्याचे आहे.

शिक्षकांना ही तपासणी विद्यार्थ्यांकडून करवून घेता येईल; विज्ञानातील बल, मिश्रधातू आणि गंज हे धडे त्यांना हाताळून शिकता येतील. किनाऱ्यावरील पंचायतींना व संस्थांना नौकेचे साहित्य घेताना गावातील अनुभवी तांडेलाचा सल्ला घेता येईल. नौकेत बसणारे मूल खीळ कोणी निवडली हे विचारीत नाही. ते विश्वासाने समुद्रात जाते. त्या विश्वासाची जबाबदारी खरेदीच्या कागदावर सही करणाऱ्या हातावर असते.