काळोखे मेघ आणि चुंबकाचा अटकाव

नाशिकहून पुण्यास जातांना मंचर लागतें. तेथून पश्चिमेस, गिरवलीच्या डोंगरावर, पुण्याच्या आयुका संस्थेनें २००६ मध्यें दोन मीटर व्यासाच्या आरशाची दुर्बीण उभारली. आकाशांतील काळोख्या मेघांआडून येणारा ताऱ्यांचा प्रकाश तिच्यांतून तपासला गेला, त्यामागें एक कोडें आहे.

हे मेघ मुख्यतः हायड्रोजनच्या रेणूंचे. उष्णमान शून्याखालीं सुमारें २६३ अंश. इतका थंड वायु स्वतःच्याच आकर्षणानें कोसळून त्याचे झपाट्यानें तारे व्हावेत. पण आपल्या आकाशगंगेंत वर्षास दोनएक सूर्यांपुरताच वायु तारारूप होतो. बाकीच्यास कोण सांवरतें?

वायूंतील खळबळ हें एक उत्तर, दुसरें चुंबकक्षेत्र. मेघांतील थोडे विद्युद्भारित कण चुंबकरेषांस जखडलेले असतात, व टकरा देऊन इतर कणांसहि रोखतात. रेषांच्या दिशेनें वायु सहज घसरतो. आडवा जातांना अडखळतो. आणि हें क्षेत्र केवढें? पृथ्वीच्या क्षेत्राच्या दहा हजाराव्या हिश्शाच्या आसपास! नाशिकची होकायंत्राची सुई त्यास दादहि देणार नाहीं.

मग तें कळतें कसें? लांबट धूलिकण रेषांना आडवे राहतात, म्हणून त्यांतून गाळून आलेल्या प्रकाशाचीं कंपनें अधिकतर रेषांशीं समांतर उरतात. १९४९ मध्यें हिल्टनर व हॉल यांस ताऱ्यांच्या प्रकाशांत असा एकदिशपणा आढळला. या दिशा जितक्या विस्कळित तितकें क्षेत्र दुबळें, या तर्कानें १९५३ मध्यें चंद्रशेखर व फर्मी यांनीं त्याचें बळ अजमावलें.

अटकाव मात्र कायमचा नव्हे. भाररहित कण रेषांतून हळूहळू निसटतात, गाभा दाटतो आणि तारा पेटतो. तोंवर लक्षावधि वर्षें लोटलेलीं असतात.