पासिंग, पत्रा आणि पैसा

दसऱ्यापासून पाडव्यापर्यंत अमरावती-अकोल्यातल्या शोरूमांसमोर हार घातलेल्या गाड्यांची रांग लागते. सोयाबीनचे पैसे हातात आलेले असतात, कापसाची पहिली वेचणी घरात पडलेली असते आणि अंगणातली बारा-चौदा वर्षांची गाडी एकाएकी डोळ्यांत सलू लागते. त्यातच मिस्त्रीने साठ हजारांचा आकडा सांगितलेला असतो. मग घरात कोणीतरी म्हणतंच, ‘चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला.’

ही म्हण गॅरेजमध्ये मात्र फसवते. ती दुरुस्तीचा खर्च जुन्या गाडीच्या बाजारभावाशी ताडून पाहते. पण गाडी दीड लाखाला फुंकून कोणी पायी फिरणार नसतं. तिच्या जागी दुसरी आणावीच लागते. म्हणून दुरुस्तीचा आकडा ताडायचा तो येणाऱ्या गाडीच्या दरवर्षीच्या खर्चाशी. त्याआधी दोन गोष्टींचा निकाल लावायला हवा. गाडीचे कागद चालतील का, आणि पत्रा टिकेल का?

पंधरा वर्षांचा बागुलबुवा

‘पंधरा वर्षं झाली, आता गाडी भंगारात’ हे वाक्य गावोगाव ऐकू येतं. ते दिल्लीहून आलेलं आहे. तिथल्या प्रदूषणामुळे दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदीचे आदेश निघाले, 2018मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरले आणि पुढे त्यांत बदलही होत गेले. ते आदेश राजधानी परिसरापुरते होते. एप्रिल 2023पासून देशभर पंधरा वर्षांनी नोंदणी संपते ती सरकारी गाड्यांची. एमएच-27 किंवा एमएच-30 क्रमांकाच्या तुमच्या खासगी मोटारीला तो नियम लागू नाही.

आपल्याकडे पंधरा वर्षांनी गाडी आरटीओत नेऊन तपासून घ्यायची, म्हणजेच पासिंग करायचं. गाडी धड असेल तर नोंदणी आणखी पाच वर्षं वाढते, आणि पुढेही दर पाच वर्षांनी तसंच. पुनर्नोंदणीचं शुल्क एप्रिल 2022मध्ये 600 रुपयांवरून 5,000 झालं. ऑगस्ट 2025मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी ते 10,000 करण्यात आलं. महाराष्ट्राचा पर्यावरण कर वेगळा. एप्रिल 2019पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेटही लागते. मोटारीसाठी तिचा दर जीएसटी सोडून 745 रुपये ठरला होता. हे सगळं धरून पाच वर्षांवर वाटलं तर वर्षाला काही हजारांच्या पुढे जात नाही. केवळ पासिंग आलं म्हणून घाबरून गाडी विकणं हा तोट्याचाच सौदा.

इंजिन बसवता येतं, पत्रा नाही

वऱ्हाडची हवा कोरडी. त्यामुळे मुंबई-कोकणातल्या गाड्यांना खाली जसा गंज चढतो तसा इथल्या गाड्यांना चढत नाही. वीस वर्षांची गाडी इथे अंगाने ठणठणीत दिसते त्यामागे हे एक कारण आहे. समुद्रकाठची गाडी स्वस्तात मिळते म्हणून आणणाऱ्याने मात्र जपून असावं. जाणता मिस्त्री बोनेट उघडण्याआधी दाराखालचं मॅट उचलतो, पायरीखालच्या पत्र्यावर स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघतो. टणक आवाज आला तर पुढे बोलायचं. टोक आत रुतलं, रंगाखालून तांबूस भुगा पडला, की तो सरळ सांगतो, “दादा, इंजिन चांगलं हाये तुमचं, पण पत्र्याचं काही खरं नाही.” जॅक लावायची जागा, शॉकअपचा माथा जिथे बसतो तो पत्रा आणि सीटबेल्टचे नट जिथे आवळलेले असतात ती जागा कुजली असेल, तर त्या गाडीवर इंजिनाचा खर्च करू नये. पत्र्यावर पत्रा वेल्ड करून गाडी उभी राहते, पण अपघातात ती माणसाला वाचवेल याचा भरवसा उरत नाही.

वऱ्हाडातल्या गाडीचे खरे वैरी दोन: ऊन आणि पाणी. मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 अंशांपलीकडे जातो. त्या तापाने होसपाइप, बेल्ट, सस्पेन्शनचे बुश, दारांची रबरं कडक होऊन तडकतात. पाण्याचं दुखणं त्याहून वेगळं. पूर्णेच्या काठचा खारपाण पट्टा अमरावती, अकोला, बुलडाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरलेला आहे. तिथलं बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये ओतत राहिलं की क्षार बसतात, बारीक नळ्या बुजतात आणि ॲल्युमिनियम खाल्लं जातं. इंजिन थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडून पाहा. हिरवं किंवा लाल स्वच्छ कूलंट दिसलं तर मालकाने गाडी जपली आहे. तपकिरी गढूळ पाणी आणि तोंडाशी पांढरा थर असेल तर सावध व्हा. असं इंजिन मूर्तिजापूरच्या पुढे भर उन्हात तापतं, हेड गॅस्केट उडतं, आणि काही हजारांचा रेडिएटर वेळेवर न बदलल्याची किंमत हेडच्या कामात मोजावी लागते.

धूरही बोलतो. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल पितंय. गरम झाल्यावरही न थांबणारा पांढरा धूर असेल तर पाणी आत जात असण्याचा संशय घ्यावा. डिझेलचा काळा धूर बहुतेकदा इंजेक्टर, एअर फिल्टर यांच्याशी संबंधित असतो आणि त्याचा इलाज तुलनेने सोपा. क्लच प्लेट, शॉकअप, बॅटरी, टायर ही झिजणारीच कामं. ती निघाली म्हणून गाडी कंडम होत नाही. काळ्या मातीवरचे रस्ते लाटांसारखे उठतात, सस्पेन्शन लवकर जातं. अमरावती-अकोला रस्त्याने वर्षानुवर्षे कितीतरी गाड्यांचे खुळखुळे केले. जून 2022मध्ये या रस्त्यावर 105 तास 33 मिनिटांत एका लेनच्या हिशेबाने 75 किलोमीटरचं अखंड डांबरीकरण होऊन गिनीज विक्रम झाला, तेव्हा कुठे बुशांना दिलासा मिळाला.

वहीतला हिशेब

समजा, 2012ची छोटी पेट्रोल मोटार आहे. पत्रा धड, पण क्लच, सस्पेन्शन, रेडिएटर आणि चार टायर मिळून 60,000 रुपयांचं काम निघालं. ते तीन वर्षं टिकेल असं धरलं तर वर्षाला 20,000. विमा आणि नेहमीची सर्व्हिसिंग आणखी 20,000. म्हणजे जुनी गाडी 40,000 रुपयांत वर्ष काढते.

आता नवी गाडी रस्त्यावर येईपर्यंत 8 लाखांची धरा. 2 लाख रोख, 6 लाख कर्ज, व्याज 9 टक्के, मुदत पाच वर्षं. हप्ता साधारण 12,455 रुपये आणि एकूण व्याज सुमारे 1 लाख 47 हजार. पाच वर्षांनी गाडीचे 4 लाख आले तर घसारा आणि व्याज मिळून वर्षाला 1 लाख 9 हजार गेले. विमा आणि सर्व्हिसिंग वेगळं.

‘पण ॲव्हरेज?’ जुनी 14चं आणि नवी 20चं देते असं धरू. वर्षाला 5,000 किलोमीटर फिरणाऱ्याचं सुमारे 107 लिटर पेट्रोल वाचतं. लिटरला 105 रुपये धरले तर अकरा हजार. एवढ्यासाठी लाखाचा खड्डा कशाला? रोज अमरावती-अकोला करणारा मात्र सहज 20,000 किलोमीटरच्या पुढे जातो. त्याचे पेट्रोलमध्येच 45,000 वाचतात, शिवाय जुन्या गाडीची कामं त्याला लवकर निघतात आणि गाडी गॅरेजला पडली की दिवस बुडतो. त्याला बदल परवडतो. दोघांच्या मधला मार्गही आहे: चार-पाच वर्षांची वापरलेली गाडी, जिचा सगळ्यात मोठा घसारा आधीच्या मालकाने सोसलेला असतो.

22 सप्टेंबर 2025पासून छोट्या मोटारींवरचा जीएसटी 28 टक्के अधिक उपकर इथून 18 टक्क्यांवर आला. शोरूमवाले हे आवर्जून सांगतात. सुट्या भागांवरचा करही 28वरून 18 झाला, हे मात्र मिस्त्रीच्या बिलातच पाहावं लागतं.

या हिशेबात एक आकडा कधीच धरू नये: आजवर गाडीवर घातलेला पैसा. ‘मागच्याच वर्षी इंजिन केलं, आता कशी सोडू?’ असं म्हणत लोक पुढचे पन्नास हजार घालतात. गेलेला पैसा गाडी ठेवली तरी परत येत नाही आणि विकली तरी नाही.

थांबायचं कुठे?

काही ठिकाणी हिशेब न करता गाडी सोडावी. सुटे भाग मिळत नसतील तर पहिल्यांदा. जनरल मोटर्सने 2017च्या अखेरीस भारतात शेवरोले विकणं थांबवलं, फोर्डने 2021मध्ये इथलं उत्पादन बंद करण्याची घोषणा केली. अशा गाडीचा एखादा सेन्सर किंवा काच हवी झाली तर नागपूर, मुंबई पालथी घालावी लागते. याउलट 2014मध्ये बंद झालेल्या मारुती 800चं काम तालुक्याचा मिस्त्रीही बसल्या जागी करून देतो.

दुसरं कारण लोक सांगतात ते इंधनाचं, पण ते तेवढं पक्कं नाही. 2023पूर्वीच्या बहुतेक गाड्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी घडवलेल्या नाहीत. नीती आयोगाच्या 2021च्या आराखड्यात जुन्या धाटणीच्या चारचाकींचं ॲव्हरेज 6 ते 7 टक्के घटेल असा अंदाज होता. इंधनाच्या रबरी नळ्या आणि सील बदलणं हा एवढ्यासाठी गाडी विकण्यापेक्षा स्वस्त इलाज.

तिसरी गोष्ट जिवाची. एबीएस आणि चालकाची एअरबॅग सगळ्या मोटारींना सक्तीची झाली ती 2019मध्ये. जुन्या गाडीला नवे टायर बसतात, एअरबॅग बसवता येत नाही. गावातून शेतात जाणाऱ्याला हे चालून जाईल. दर आठवड्याला समृद्धी महामार्गावर घरच्यांना घेऊन निघणाऱ्याला चालू नये.

विकायचं ठरलं तर आरसी नावावरून उतरेपर्यंत पाठ सोडू नका. ओळखीतल्या माणसाला विश्वासावर गाडी दिली आणि त्याने अपघात केला, तर भरपाईची जबाबदारी नोंदीतल्या मालकावर येते. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2018मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार खटल्यात हे स्पष्ट केलं. मोडीत काढायची तर नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात द्या. तिथे मिळणाऱ्या ठेव प्रमाणपत्रावर नव्या गाडीचं नोंदणी शुल्क माफ होतं. भंगारवाल्याच्या हातगाड्यावर गाडी तुकड्यांनी जाते, कागदावर मात्र तुमच्याच नावाने जिवंत राहते.

हे सगळं पाहूनही पाडव्याला नवी गाडी दारात आणावीशी वाटत असेल, तर खुशाल आणावी. वर्षभर राबल्यावर हौस करायला लाजायचं कारण नाही. फक्त त्या हौसेचं बिल जुन्या गाडीच्या नावावर फाडू नये.