मासा मरत नाही, पण खातही नाही

राजूर परिसरात श्रावण-भाद्रपदात कपाशीवर फवारणीची घाई असते. त्याच दिवसांत पाझर तलावांत आणि शेततळ्यांत रोहू, कटला, मृगळ यांची बोटुकली सोडलेली असते. आपल्या भिल्ल वस्त्यांतील ज्या कुटुंबांचा मासळीवर आधार आहे, त्यांच्यासाठी ही माहिती.

पाण्यात औषध जास्त गेले तर मासे मरून तरंगतात. ते सर्वांना दिसते. थोडे गेले तर काहीच दिसत नाही, पण नुकसान होते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात सामन माशाची पिले चार दिवस क्लोरपायरीफॉस मिसळलेल्या पाण्यात ठेवली होती. प्रमाण लिटरला ०.६ ते २.५ मायक्रोग्रॅम एवढेच. तरी औषध वाढेल तशी पिले मंदावली आणि खाद्यावर कमी वेळा झेपावली.

याचे कारण नसांत आहे. नसेचा निरोप स्नायूला पोचला की शरीरातील एक विकर तो निरोप पुसून टाकते. हे औषध त्या विकरालाच निकामी करते. मग स्नायूंचा ताळमेळ बिघडतो. शिवाय पिलांचे खाद्य असलेले पाण्यातील सूक्ष्म जीवही अशा औषधांनी मरतात.

हिशेब करून पाहा. ३० बाय ३० मीटरच्या शेततळ्यात साधारण २० लाख लिटर पाणी मावते. २० टक्क्यांच्या क्लोरपायरीफॉसच्या १० मिलिलिटरमध्ये, म्हणजे जेमतेम दोन चमचे औषधात, २ ग्रॅम विष असते. ते सगळे पाण्यात मिसळले तर लिटरला १ मायक्रोग्रॅम होते. प्रत्यक्षात काही गाळाला चिकटते, काही विरते. पण पंप तळ्यात धुणे किती महागात पडू शकते, हे यावरून कळते.

म्हणून एवढे करावे:

• पंप व डबे तळ्यात किंवा नाल्यात धुऊ नयेत. डबा तीनदा विसळून ते पाणी पंपातच ओतावे व पिकावर फवारावे.
• पावसाची चिन्हे असताना किंवा वारा तळ्याकडे वाहत असताना फवारू नये.
• तळ्याच्या कडेला गवताचा पट्टा राखावा व तो फवारू नये.
• पेंड-कोंडा टोपलीत ठेवून रोज पाहावा. तो उरू लागला तर आधी पाण्याकडे लक्ष द्यावे. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडत असतील, तर प्राणवायू कमी पडला असण्याची शक्यता मोठी.

बांध शेतकऱ्याचा आणि तळे मासेमाराचे असले, तरी पाणी दोघांचे एकच आहे. फवारणीच्या आदल्या दिवशी एकमेकांना नुसते सांगितले, तरी पुष्कळ पिले वाचतील.