हँडब्रेक खाली, तरी लाल दिवा पेटलेलाच!

हँडब्रेक पूर्ण खाली आहे, इंजिन सुरू आहे आणि मीटरमधला तो लाल गोल काही विझत नाही. नाशिककरानं या दिव्याकडे काणाडोळा करूच नये. मुंबईला निघालात तर कसारा घाट, धुळ्याकडे वळलात तर चांदवडजवळचा राहूड घाट, सप्तशृंगी गडावर जायचं तर नांदुरीपासून वळणंच वळणं. दिलासा असा, की दिवा का लागला याचा बराचसा तपास घरच्या पार्किंगमध्ये, मोबाइलच्या उजेडात, पाना न लावता होतो. आणि हा तपास भलता रंजक आहे.

ते दोन कंस कसले?

चिन्ह नीट बघा. मधला गोल म्हणजे ब्रेकचा ड्रम आणि दोन्ही बाजूंचे कंस म्हणजे ब्रेक शू. खऱ्या ड्रममध्ये शू आतून टेकतात, चित्रात ते बाहेर दिसतात. आज बहुतेक गाड्यांच्या पुढच्या चाकांना डिस्क असते, तरी मीटरमध्ये ड्रमच ठाण मांडून आहे.

चावी फिरवली की हा दिवा क्षणभर पेटतो आणि मग विझतो. ती गाडीनं स्वतःच्या दिव्याची घेतलेली परीक्षा असते. त्या वेळी तो पेटलाच नाही, तर तेही गॅरेजमध्ये दाखवायला हवं. दिवाच मेला असेल तर खरा बिघाड झाल्यावर सांगणार कोण?

आधी हँडब्रेक, मग बॉनेट

एकच दिवा दोन-तीन निरोप देतो: हँडब्रेक ओढलेला आहे, ब्रेक ऑइल कमी झालंय, किंवा यंत्रणेत बिघाड आहे. सगळ्यात सोपा निरोप आधी तपासा. हँडब्रेकच्या दांड्याखाली बोटाच्या पेराएवढा स्विच असतो. धूळ, बिस्किटाचा चुरा, सांडलेला चहा यांनी तो अडकतो. सपाट जागी गाडी उभी करा, गिअरमध्ये ठेवा, चावी ऑन करा आणि दांडा हातानं खाली दाबा. दिवा लुकलुकला किंवा विझला, तर गुन्हेगार सापडला. दांडा ओढताना ‘कट् कट्’ आवाज पूर्वीपेक्षा जास्त वेळा येऊ लागला असेल, तर मागचे लायनर झिजलेत किंवा केबल ढिली झालीय.

आता बॉनेट उघडा. ड्रायव्हरच्या समोरच्या बाजूला, मागच्या भिंतीलगत पांढरट प्लॅस्टिकची डबी दिसेल. तिच्यावर ‘मॅक्स’ आणि ‘मिन’ अशा दोन रेघा असतात. ऑइल ‘मिन’च्या आसपास असेल तर दिवा खरं बोलतोय.

इथे बहुतेकजण एक गोष्ट करतात आणि ती करू नये असं माझं ठाम मत आहे: दुकानातून ऑइल आणून डबी भरणं आणि दिवा विझला म्हणून निश्चिंत होणं. ब्रेकची यंत्रणा बंदिस्त असते. त्यातलं ऑइल पेट्रोलसारखं जळत नाही, खर्च होत नाही. मग ते गेलं कुठे?

पॅड झिजले की डबी रिकामी होते

उत्तर सुंदर आहे. ब्रेक पॅड झिजतात तसा, पॅड डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरमधला पिस्टन थोडाथोडा पुढे सरकून राहतो. त्याच्यामागे जी जागा मोकळी होते, ती भरायला डबीतलं ऑइल खाली उतरतं. म्हणजे कुठेही गळती नसताना पातळी हळूहळू खाली येते आणि ती पातळी पॅडच्या झिजेचा हिशेब ठेवते! नवा पॅड साधारण १० ते १२ मिलीमीटर जाड असतो, ३ मिलीमीटरच्या आसपास आला की बदलायचा. अलॉय व्हील असेल तर आऱ्यांमधून टॉर्च मारून तो बाहेरूनच दिसतो. बऱ्याच पॅडना पत्र्याची छोटी जीभ लावलेली असते. पॅड संपत आला की ती डिस्कला घासून किंचाळते. दिवा आणि किंचाळी एकत्र आली तर वाट बघायची नाही.

डबी आधीच काठोकाठ भरून ठेवली असेल, तर नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलला की ऑइल ओसंडतं आणि रंगावर पडलं तर रंग खातं. पडलंच तर लगेच भरपूर पाणी ओता. हे ऑइल पाण्यात विरघळतं.

पॅड जाडजूड असूनही पातळी उतरतेय, तर गळती शोधा. चारही टायरच्या आतल्या बाजूला ओल दिसते का? मागच्या ड्रममधला व्हील सिलिंडर पाझरला की तिथे चिकट डाग पडतो. आणि एक जागा कुणाच्या लक्षात येत नाही: क्लच. हायड्रॉलिक क्लचच्या कित्येक गाड्यांत क्लच आणि ब्रेक एकाच डबीतलं ऑइल वापरतात. गळती क्लचला आणि दिवा ब्रेकचा! क्लचच्या पेडलवर आत हात फिरवून बघा, ओलसर लागतं का.

सकाळी लागतो, दुपारी विझतो

हा प्रकार निफाडकरांना हिवाळ्यात दिसू शकतो. तिथली थंडी साऱ्या महाराष्ट्रात प्रसिद्ध. थंडीत ऑइल किंचित आकसतं, पातळी आधीच काठावर असेल तर पहाटे दिवा लागतो आणि इंजिन तापल्यावर विझतो. तसंच घाटातल्या वळणावर लुकलुकून सरळ रस्त्यावर विझणारा दिवा: ऑइल डबीत एका बाजूला डुचमळतं, तेवढ्यापुरता डबीतला पातळी सांगणारा तरंगक खाली जातो. दोन्ही वेळा निरोप एकच, पातळी काठावर आहे.

त्या तरंगकाची करामत ऐकण्यासारखी आहे. अनेक गाड्यांत त्याला एक चिमुकलं लोहचुंबक बसवलेलं असतं. तो खाली आला की डबीच्या तळाशी, काचेच्या नळीत बंद असलेल्या दोन धातूच्या पट्ट्या चुंबकामुळे एकमेकींना चिकटतात आणि दिवा लागतो. हा रीड स्विच. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये वॉल्टर एलवूड यांनी तो १९३६च्या सुमारास तयार केला, टेलिफोनच्या कामासाठी. आज पाऊस मोजणाऱ्या स्वयंचलित यंत्रांतही असा स्विच असतो.

हा तरंगक कधी अडकतो, कधी जुना होऊन ऑइल पितो आणि बुडतो. पातळी बरोबर आहे आणि तरी दिवा आहे? डबीला बोटानं हलक्या टिचक्या मारा. मग डबीवरचा वायरचा कनेक्टर काढून बघा. बहुतेक गाड्यांत दिवा विझला तर दोष तरंगकाकडे, नाही विझला तर हँडब्रेकच्या स्विचकडे किंवा वायरिंगकडे. कनेक्टर परत लावायला मात्र विसरायचं नाही.

शेजारी पिवळा दिवाही आहे का?

एकटा पिवळा ‘एबीएस’ दिवा म्हणजे साधे ब्रेक चालू आहेत, पण जोरात दाबल्यावर चाकं लॉक होणार नाहीत याची हमी नाही. लाल आणि पिवळा दोन्ही लागले, तर पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटणारी ईबीडी यंत्रणाही बंद असू शकते. मागची चाकं आधी लॉक होऊन गाडी फिरण्याचा धोका असतो. अशी गाडी घाटात नेऊच नये.

दोष पुष्कळदा चाकाजवळच्या वेग मोजणाऱ्या सेन्सरचा असतो. चिखल आणि खड्ड्यांनी ओढली गेलेली वायर त्याला पुरते. मोबाइलला जोडायची स्वस्त ओबीडी डोंगल इंजिनाचे कोड वाचते, एबीएसचे बऱ्याचदा वाचत नाही. तिनं ‘दोष नाही’ म्हटलं म्हणून विश्वास ठेवू नका.

या तंत्राचं नाशिकशी एक नातं आहे. आज आपण वापरतो तसं इलेक्ट्रॉनिक एबीएस बॉश कंपनीनं १९७८ मध्ये बाजारात आणलं, मर्सिडीजच्या एस क्लासमध्ये. तीच बॉश आपल्या सातपूरची. भारतात ती पूर्वी मायको म्हणून ओळखली जाई, २००८ मध्ये नाव बदललं, पण मायको सर्कल अजून मायको सर्कलच आहे. सातपूरच्या कारखान्याची ओळख मात्र ब्रेकची नाही, डिझेल इंजिनांच्या इंजेक्टर-नोझलची. भारतात सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं ते एप्रिल २०१९ पासून.

त्याहून जुनी गोष्ट हायड्रॉलिक ब्रेकची. मॅल्कम लॉकहीड या अमेरिकी माणसानं तो घडवला आणि १९२१च्या ड्यूसेनबर्ग गाडीला चारही चाकांवर बसला. मॅल्कम आणि त्याचा भाऊ ॲलन यांनी आधी मिळून विमानं बांधली होती. आजच्या लॉकहीड विमानांचं नाव त्याच घराण्याचं.

कसाऱ्यात एक युनिट

इगतपुरी ते कसारा सुमारे ३०० मीटरची उतरण. रेल्वेचा हाच घाट ३७ फुटांना १ फूट इतका तीव्र. १,२०० किलोची गाडी एवढं खाली उतरते तेव्हा जवळजवळ ३५ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी घालवावी लागते, म्हणजे विजेचं सुमारे एक युनिट. तेवढ्या उष्णतेत दहा लिटर गार पाणी खळखळून उकळेल. न्यूट्रलमध्ये उतरलात तर यातला मोठा वाटा पॅड आणि डिस्कच्या अंगावर येतो. खालचा गिअर ठेवला तर इंजिन भार उचलतं.

आणि ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. डॉट ४ दर्जाच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस, पण पावणेचार टक्के पाणी मुरलं की मानकाप्रमाणे तो १५५ पर्यंत उतरलेला चालतो. डॉट ३ साठी हेच आकडे २०५ आणि १४०. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. ऑइल दबत नाही, वाफ दबते, आणि पेडल थेट फळीला टेकतं. इगतपुरीच्या पावसात, ओल्या हवेत गाडी वापरणाऱ्यांनी ऑइल दर दोन वर्षांनी बदलावं. डबीच्या झाकणावर जो डॉट लिहिलाय तोच घ्या आणि सीलबंद छोटा डबा घ्या. वर्षभर उघडा पडलेला अर्धा डबा वापरू नका. सिलिकॉनचं डॉट ५ इतरांत मिसळायचं नाही, आणि इंजिन ऑइलचा थेंबही नको, त्यानं आतली रबरी सील फुगतात.

शेवटची तपासणी पेडलची. इंजिन सुरू ठेवून पेडल अर्धा मिनिट घट्ट दाबून धरा. ते हळूहळू खाली बसत गेलं तर मास्टर सिलिंडर आतून गळतोय. स्पंजसारखं मऊ लागलं तर लाइनमध्ये हवा शिरलीय. दोन्हींपैकी काहीही झालं तर गाडी कॉलनीच्या फाटकाबाहेरही काढू नका. टो करून न्या, आणि मेकॅनिकला फक्त ‘दिवा लागतो’ एवढंच न सांगता पातळी किती होती, कोणता टायर ओला होता, कनेक्टर काढल्यावर काय झालं हे तपशील सांगा.