देऊन मोकळा झालेला माणूस

१२ जून २०२५ ला पु. ल. देशपांडे जाऊन पंचवीस वर्षे झाली. त्या दिवशी सकाळपासून मोबाइलवर त्यांच्या नावाने विनोद येत होते. त्यातले बरेचसे त्यांचे नव्हतेच. १२ जून हा पुलं आणि सुनीताबाईंच्या लग्नाचाही दिवस; १९४६ साली त्यांचं लग्न झालं. त्या विनोदांच्या गर्दीत सुनीताबाईंचं नाव मात्र कुणी घेतलं नाही. मला याचा राग आहे.

गावदेवीतला १९१९ चा जन्म, सिनेमे, आकाशवाणी, दिल्लीत नुकत्याच सुरू झालेल्या दूरदर्शनवर घेतलेली नेहरूंची मुलाखत, हे सारं अनेकांनी लिहून झालं आहे. मला बोलायचं आहे ते १९८६ ते १९९६ या दशकाबद्दल. पुलंच्या कथाकथनाच्या अलूरकरांनी काढलेल्या कॅसेटी घरोघर वाजत होत्या ते हे दशक, आणि आम्ही ते पुण्यात जगलो.

शहरात तेव्हा गर्दचं व्यसन शिरलं होतं. चांगल्या घरांतली मुलं घरातली भांडी विकत होती आणि आईबाप शेजाऱ्यांपासून तोंड लपवत होते. लेखक अनिल अवचटांनी त्यावर लेख लिहिले. ते वाचून पुलं आणि सुनीताबाईंनी १ लाख रुपये पुढे केले आणि डॉ. सुनंदा अवचटांनी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं. हा पैसा तिकीटबारीवरचा होता. आपल्या प्रयोगांतून आणि पुस्तकांतून येणारं उत्पन्न दोघांनी १९६० च्या दशकातच समाजकार्यासाठी काढलेल्या आपल्या प्रतिष्ठानाकडे वळवायला सुरुवात केली होती.

याच काळात पुण्यातल्या कट्ट्यांवर सुनीताबाईंना कडक, पैशाला चिकट म्हटलं जाई. का, तर पुलंचं नाटक करायचं असेल तर परवानगी घ्या, मानधन भरा, असं त्या ठणकावून सांगत. ज्यांनी ते चुकवलं, तेच सर्वांत मोठ्याने बोलत. त्या मानधनातून कुणाचे संसार सावरले, हे विचारण्याची तसदी त्यांनी घेतली नाही. पुढे पुण्यातल्या आयुका या खगोलसंशोधन संस्थेत मुलांच्या विज्ञान शोधिकेसाठी ‘पुलस्त्य’ ही इमारत उभी राहिली, तीही याच पैशातून. पुलंना ‘मध्यमवर्गाचे मनोरंजनकार’ म्हणून निकालात काढणाऱ्या समीक्षकांनीही हा हिशेब कधी मांडला नाही.

आणि १९९६. शिवसेना-भाजप युतीच्या राज्य सरकारने पुलंना ‘महाराष्ट्र भूषण’ दिला. प्रकृती ढासळलेली असतानाही त्यांनी सत्ताधाऱ्यांच्या ठोकशाहीच्या भाषेबद्दल खेद व्यक्त केला. शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे भडकले, पुरस्कार दिल्याचा जाहीर पश्चात्ताप करून मोकळे झाले. आणीबाणी उठण्याआधीच, १९७७ च्या निवडणुकीत, सभा गाजवून सत्तेतलं काहीही न मागता परत लेखनाकडे वळलेला हा माणूस. त्याच्याकडून हिसकावून घ्यावं असं कुणापाशी काय होतं? जे होतं ते देऊन झालं होतं. त्यांचं धैर्य मला नेहमी या दानाशी जोडलेलं वाटतं.

त्या ठोकशाहीची आठवण झाली ती मार्च २०२५ मध्ये, मुंबईत खारला विनोदकार कुणाल कामराच्या राजकीय विनोदावरून स्टुडिओची मोडतोड झाली तेव्हा. कामराचा विनोद आवडतो की नाही, हा प्रश्नच वेगळा. पुलंच्या नावाने सभागृहं भरवणाऱ्या, त्यांच्या तसबिरीला हार घालणाऱ्या आमच्या मंडळींकडून निषेधाचं एक साधं पत्रक येईल म्हणून मी वाट पाहिली. माझ्या वाचनात एकही आलं नाही.