चालती मोटारसायकल मध्येंच बंद कां पडते?

बैलगाडीचा कणा कुरकुरूं लागला तर काय करावें, हें आमच्या शेतकरी बंधूंस कोणी शिकवावें लागत नाहीं. विहिरीवरचा पंप पाणी उचलीत नसेल तर प्रथम फूटव्हॉल्व्ह पाहावा, हेंही आतां घरोघर ठाऊक झालें आहे. परंतु दुधाच्या किटल्या, खताचें पोतें व प्रसंगीं घरचें माणूस ज्या गाडीवरून आपण रोज नेतों, ती वाटेंत एकाएकीं उभी राहिली म्हणजे आपण चार किका मारतों, दोन शिव्या देतों आणि ढकलीत ढकलीत फिटरच्या दारीं जातों. तेथें पोहोंचतांच ती निमूटपणें सुरू होते! फिटर हंसतो, कांहीं तरी बदलतो, पैसे घेतो. आणि चार दिवसांनीं पुन्हां तोच प्रकार.

आम्ही यंत्रविद्येचे पंडित नव्हे. आमची उमर महसूल कचेरींत तक्ते भरण्यांत गेली. दोन वर्षांपूर्वींच्या पावसाळ्यांत आमची जुनी, कार्बोरेटरची गाडी अशीच बंद पडूं लागली. दहा मिनिटें थांबलें कीं सुरू, आणि कांहीं अंतरावर पुन्हां बंद. प्लग बदलून झाला. आठ दिवसांनीं कॉईल बदलून झाली. पैसे गेले, खोड गेली नाहीं. अशांत श्रावणांतील एका रात्रीं शेजारच्या मळ्यावरील गड्यास उसाच्या फडांत सर्पदंश झाला. त्यास मध्यें बसवून व मागें त्याच्या भावास घेऊन आम्ही ग्रामीण रुग्णालयाकडे निघालों. चार किलोमीटर उरले असतां गाडीनें दोन आचके दिले व ती थांबली. तिजबरोबर दिवाही गेला. काळोख, पाऊस, आणि गड्याच्या पापण्या जड होत चाललेल्या. दैवानें मागून भाजीचा एक टेंपो आला. त्यांत दोघांस बसविलें, प्रतिविष वेळेवर मिळालें व गडी वांचला.

आम्ही गाडीपाशीं एकटे उरलों. पेट्रोल आहे कीं नाहीं हें पाहावें म्हणून टाकीचें झाकण उघडलें, तों 'फुस्स' असा आवाज होऊन हवा आंत गेली. किक मारली, गाडी सुरू! पावसाचें पाणी आंत जाऊं नये म्हणून झाकणाखालीं प्लास्टिकचा तुकडा आम्हींच ताणून बसविला होता. फिटरचा दोष नव्हता, गाडीचाही नव्हता.

हा प्रकार नीट समजून घेण्याजोगा आहे, कारण पावसाळ्यांत झाकणावर पिशवी बांधण्याची चाल गांवोगांव आहे. टाकींतून जितकें पेट्रोल खालीं उतरतें, तितकी हवा वरून आंत यावी लागते. ती येण्यासाठीं झाकणास एक बारीक छिद्र असतें. तें चिखलानें, धुळीनें अथवा प्लास्टिकनें बुजलें तर आंत पोकळी होते व ती पेट्रोलास वर ओढून धरते. तोंड झांकलेल्या तांब्याच्या बुडास भोंक असलें तरी पाणी गळत नाहीं, तसेंच हें. गाडी थांबल्यावर फटींतून हळूहळू हवा शिरते, पेट्रोल पुन्हां उतरतें, आणि गाडी जणूं कांहीं झालेंच नाहीं अशी चालूं लागते.

नोंद ठेवण्याची खोड कचेरीनें आम्हांस लावली आहे. गाडी कोठें कोठें बंद पडली हें आम्हीं एका वहींत टिपलें होतें, पण त्याचा अर्थ त्या रात्रीनंतर उमगला. टाकी अर्धी असतां गाडी बरीच लांब जाई. भरून घेतली कीं थोड्याच अंतरावर थांबे. भरलेल्या टाकींत वर हवेस जागा थोडी, म्हणून वाटीभर पेट्रोल खर्च झालें तरी तेथें ओढ मोठी होते. अर्ध्या टाकींत हवा पुष्कळ, म्हणून ओढ उशिरां जाणवते. पेट्रोल भरल्यावर गाडी लवकर रुसते असें ज्यांस आढळेल, त्यांनीं प्रथम झाकणाकडे पाहावें.

आतां घोटाळा असा कीं, थांबल्यावर आपोआप बरें होणारें दुसरेंही एक दुखणें आहे. इग्निशनची कॉईल, किंवा एंजिनाच्या बगलेंतील पिकअप कॉईल जुनी झाली म्हणजे तापल्यावर तिच्या आंतील तार जोड सोडते. ठिणगी नाहींशी होते, गाडी बंद पडते. वीस-तीस मिनिटांत ती निवली कीं तार पुन्हां जुळते. फिटरकडे जाईपर्यंत गाडी थंड झालेली असते, म्हणून त्यास कांहीं सांपडत नाहीं. या दोहोंतला भेद तेथल्या तेथेंच, गाडी गरम असतांना, करावा लागतो. आधीं झाकण उघडावें. हवा ओढल्याचा आवाज आला व गाडी लागलीच सुरू झाली, तर दोष छिद्राचा. तसें न झालें तर झाकण घट्ट लावून ठिणगी पाहावी. जवळचा जादा प्लग टोपींत बसवावा, एंजिनांतील प्लग जागेवरच राहूं द्यावा, व जादा प्लगचा लोखंडी भाग एंजिनाच्या उघड्या धातूस टेकवून दुसऱ्याकडून किक मारवावी. तार उघड्या हातानें धरूं नये. आणि पेट्रोल सांडलें असेल तेथें हा प्रयोग मुळींच करूं नये. गरम असतां ठिणगी नाहीं आणि निवल्यावर आहे, असें दिसलें तर कॉईलवर संशय घ्यावा.

परंतु या सर्वांच्या आधींची साक्ष गाडीच्या मरण्याच्या रीतींत असते. दिव्याचें बटण दाबावें तशी एका क्षणांत गप्प झाली, तर बहुधा वीज तुटली. आचके देत, ओढ कमी होत होत थांबली, तर बहुधा पेट्रोल तुटलें. आणि घरघर होऊन मागील चाक जाम झालें, तर एंजिन जखडलें असें समजून त्याच क्षणीं क्लच दाबावा, नाहीं तर गाडी आडवी होईल. जखडण्याचें कारण बहुतेक वेळां ऑईल आटणें हें असतें. तेव्हां निवल्यावरही किक मारण्याचा मोह आवरावा व ऑईलची पट्टी पाहावी.

वीज एकदम तुटण्याचीं कारणें पुष्कळदां क्षुल्लक असतात. हातमोज्यानें किंवा पिशवीच्या बंदानें लाल बटण दाबलें जातें. बॅटरीचा स्क्रू ढिला असतो व खड्ड्यांत गाडी आपटली कीं जोड सुटतो. गोठ्यांत उभ्या केलेल्या गाडीची वायर उंदीर कुरतडतात, मग हँडल एका बाजूस वळविलें कीं ती तुटते व दुसऱ्या बाजूस वळविलें कीं जुळते. अलीकडील बऱ्याच गाड्यांत साईडस्टँड खालीं असतां गिअर टाकला तर एंजिन बंद करणारा एक स्विच असतो. त्यांत चिखल भरला म्हणजे स्टँड वर असूनही तें खालीं आहे असा गाडीचा समज होतो. पाण्यानें धुवून स्टँड चारदां वरखालीं करावें. पुष्कळदां एवढ्यानेंच भागतें.

पेट्रोलाकडील बाजूस रिझर्व्हचा कॉक, दुमडलेली नळी व तुंबलेला फिल्टर हीं पाहावींत. पाण्याविषयीं मात्र थोडें अधिक सांगणें अवश्य आहे. आपल्याच उसापासून होणारें इथेनॉल आतां पेट्रोलांत शेंकडा २० पर्यंत मिसळलेलें असतें. अशा पेट्रोलाची विक्री फेब्रुवारी २०२३ मध्यें सुरू झाली. इथेनॉल पाण्यास आपल्यांत घेतें, आणि पाणी फार झालें कीं दोन्हीं मिळून पेट्रोलापासून फुटून टाकीच्या बुडाशीं बसतात. एंजिनास पहिला घोट त्याचाच मिळतो. म्हणून पावसाळ्यांत गाडी पुष्कळ दिवस अर्ध्या टाकीनें उभी ठेवूं नये. कार्बोरेटर असल्यास त्याच्या वाटीचा खालचा स्क्रू, एंजिन थंड असतांना, सैल करून कांचेच्या बाटलींत थोडें पेट्रोल उतरवावें. पाणी खालीं निराळें दिसेल.

१ एप्रिल २०२० पासून नवीन गाड्यांस भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले व कार्बोरेटर बहुतेक गेला. त्याच्या जागीं इंजेक्शन आलें. अशा गाडींत किल्ली फिरवितांच टाकींतील पंप दोन-तीन सेकंद गुणगुणतो. तो आवाज आला नाहीं तर फ्यूज पाहावा; फ्यूज ठीक असल्यास पुढील काम फिटरचें. एंजिनाच्या चित्राचा दिवा चालतांना पेटला होता काय हेंही ध्यानांत ठेवावें. या गाड्यांचा पंप पेट्रोलांत बुडून थंड राहतो, म्हणून टाकी कोरडी होईपर्यंत चालविण्याची जुनी संवय सोडावी.

गाडी बंद पडली त्या क्षणीं काय करावें, हें या सर्वांहून आधीं. क्लच दाबावा, एकदम ब्रेक मारूं नये, मागें पाहून डावीकडे घ्यावें व गाडी डांबराच्या खालीं उतरवावी. कित्येक जुन्या गाड्यांचा पुढील दिवा एंजिनावरच जळतो. तो विझल्यावर मागच्या ट्रकवाल्यास आपण दिसत नाहीं. रस्त्यावर उभें राहून किका मारणें म्हणजे जीवावर उदार होणें होय.

फिटरकडे जातांना 'बंद पडते' एवढेंच सांगूं नये. किती अंतरावर, गरम असतां कीं थंड, एकदम कीं आचके देत, टाकी भरलेली कीं रिकामी, व किती वेळानें पुन्हां सुरू झाली, हें एका चिठ्ठीवर लिहून द्यावें. आमच्या गाडीच्या बैठकीखालीं हल्लीं एक प्लग, प्लगचा पाना, दोन फ्यूज व ती वही असते. प्लास्टिकचा तुकडा मात्र आम्हीं त्याच रात्रीं काढून टाकला.