करवंटीचा कोळसा आणि वीज

करवंटीच्या कोळशात वीज साठवता येते, असं ऐकून आमच्या गटाने बचतीतून भट्टी घ्यायचं ठरवलं होतं. आधी नीट माहिती काढली, ते बरं झालं.

गोष्ट खरी आहे. सुपरकपॅसिटर म्हणजे बॅटरीपेक्षा झटकन चार्ज होणारं साधन. त्यात वीज साठते ती कोळशाच्या बारीक छिद्रांतल्या पृष्ठभागावर. साध्या कोळशाला तेवढी छिद्रं नसतात. कारखान्यात सुमारे ९०० अंशांवर त्यातून वाफ सोडतात. मग एका ग्रॅममध्ये दहा गुंठ्यांएवढा पृष्ठभाग तयार होतो!

हे आपल्या भट्टीत होत नाही. आपला कोळसा म्हणजे फक्त कच्चा माल. म्हणून खरेदीदार आणि दर लेखी ठरल्याशिवाय गटाचा पैसा घालू नका.